परक्या नगरीतील पहिले बिऱ्हाड

१

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी आणि तहांची कलमे यांची नोंद ठेवण्यात आपले इतिहासकार जितके दक्ष राहिले, तितके ते सामान्य माणसाच्या निवाऱ्याविषयी राहिले नाहीत. अमुक साली अमुक गृहस्थ मुंबईस अथवा बडोद्यास नोकरीस लागले, एवढे चरित्रग्रंथ सांगतात. परंतु त्या पहिल्या रात्री त्यांनी आपली वळकटी कोठे पसरली, दार कोणी उघडले, आणि उघडण्यापूर्वी काय विचारले, हे बहुधा अनुल्लेखित राहते. वस्तुतः नोकरीच्या आज्ञापत्रापेक्षा हे दार उघडणे अनेकांच्या आयुष्यात अधिक निर्णायक ठरलेले आहे. पगार महिन्याच्या अखेरीस मिळतो. डोके टेकावयास जागा मात्र पहिल्याच संध्याकाळी लागते.

‘बिऱ्हाड’ हा शब्दच पाहावा. जुन्या मराठीत ‘बिढार’ आहे, कानडीत ‘बिडार’ आहे, आणि आपल्या कोंकणी बोलींतही त्याची भावंडे नांदत आहेत. या शब्दात घराचे स्थैर्य नाही. मुक्कामाचा भाव आहे. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला स्थलांतराची सवय होती. गोमंतक, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा दूरदूरच्या नगरांत जी मराठी-कोंकणी घराणी आज पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेली दिसतात, त्यांच्या मूळपुरुषाचेही कधी काळी एक पहिले बिऱ्हाड होते. ते कसे मिळत असे, कोणाला मिळत असे आणि कोणाला मिळत नसे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

आमच्या देवस्थानांच्या परंपरेत हा प्रश्न नवा नाही. किंबहुना गोमंतकात प्रत्यक्ष देवांवरच बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टी व तिसवाडी या प्रांतांतील देवळांचा विध्वंस आरंभिला, तेव्हा १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा श्रीमंगेश झुआरी नदी ओलांडून अंत्रुज महालात आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. तो मुलूख त्या काळी पोर्तुगिजांच्या अमलाबाहेर होता, आणि १७६३ साली तो त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत ही देवस्थाने तेथे सुस्थिर झालेली होती. निर्वासित देवांना ज्या गावांनी आश्रय दिला, त्या गावांची ती सहृदयता हाच आमच्या आजच्या देवळांचा खरा पाया होय.

देव गेले, परंतु पुष्कळसे भक्त मागे आपल्या जुन्या गावीच राहिले. जत्रेस, पालखीस, नवस फेडण्यास यावयाचे म्हणजे नदी ओलांडून दिवसभराचा प्रवास. रात्री परतणे अशक्य. या गरजेतून देवळांच्या भोवती अग्रशाळांच्या ओळी उभ्या राहिल्या. एक खोली, पुढे ओसरी, विहिरीचे पाणी आणि प्रसादाचे जेवण एवढ्यावर महाजन-कुळावी तेथे चार दिवस राहात. तेथे प्रवेश मिळविण्यास पैशापेक्षा ओळख लागे. ‘तुमी खंयचे? कोणाले?’ हे दोन प्रश्न व्यवस्थापक विचारी. गाव आणि घराणे सांगितले की किल्ली हाती येई. १८८६ साली व पुढे १९३३ साली पोर्तुगीज सरकारने माझनींचे जे कायदे केले, त्यांनी महाजन कोण व त्याचे हक्क कोणते याची कागदोपत्री निश्चिती केली. म्हणजे या ओळखीला कायद्याचाही शिक्का मिळाला.

अग्रशाळेची ही पद्धत मुद्दाम सांगितली, कारण पुढे आमची माणसे पोट भरण्यासाठी परमुलखात गेली, तेव्हा त्यांनी हीच पद्धत आपल्याबरोबर नेली. तिच्यातील जिव्हाळा नेला, आणि तिच्यातील मर्यादाही नेली.

३

गोव्याचा तरुण घर सोडून का निघाला, याची कारणे सर्वश्रुत आहेत. राज्यकर्त्यांचा धर्म न पत्करलेल्या प्रजेस सरकारी नोकरीचे दार जवळजवळ बंद होते. ते थोडेफार उघडले ते १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि त्या धंद्यावर जगणाऱ्या मिठागरांच्या गावांस त्याचा जबर फटका बसला. १८९२ च्या आरंभी तो करार संपला, पण गेलेला माणूस परतला नाही. इकडे १८५७ साली मुंबईस विद्यापीठ स्थापन झाले होते, आणि इंग्रजी येणाऱ्यास कचेऱ्यांत, पेढ्यांत, आगबोटींवर काम मिळत होते. १८८८ साली मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटावरील प्रदेशास जोडले गेले. समुद्रमार्गे आगबोट होतीच. वाट सोपी झाली. परंतु वाटेच्या शेवटी उतरावयाचे कोठे?

या प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर उत्तर आमच्या ख्रिस्ती गोमंतकीय बांधवांनी शोधून काढले. ते म्हणजे मुंबईतील ‘कूड’. धोबीतलाव, माझगाव, डोंगरी या भागांत एकेका गावच्या लोकांनी मिळून एखादी जागा भाड्याने घ्यावयाची, सभासदांनी अल्पशी वर्गणी द्यावयाची, आणि त्या गावचा जो कोणी आगबोटीवरील खलाशी, आचारी अथवा वादक मुंबईस येईल त्याला तेथे आपली पेटी ठेवावयास व चटई पसरावयास हक्काची जागा मिळावयाची, अशी ती व्यवस्था. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा कुडी मुंबईत तीनशेहून अधिक होत्या; धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत त्यांतील कित्येक होत्या. प्रत्येक कुडीत गावच्या संताची वेदी, सायंकाळी एकत्र प्रार्थना, वर्षातून एकदा फेस्त, आणि नियमभंग करणाऱ्यास दंड. बोटीवर काम मिळेपर्यंत सभासदाची थकबाकी सांभाळून घेतली जाई. अग्रशाळेशी या संस्थेचे नाते ज्यास दिसणार नाही असा वाचक विरळा. धर्म बदलला तरी गावपण बदलले नव्हते.

हिंदू गोमंतकीयांनी बहुधा कुडी काढल्या नाहीत. त्यांनी गिरगाव, ठाकूरद्वार, मुगभाट येथील चाळींत एखाद्या आप्ताची खोली गाठली. दहा बाय दहाची ती खोली. आत संसार, बाहेरच्या सज्जात रांगेने झोपणारे पाच-सात पाहुणे; त्यांतील कोणी पुतण्या, कोणी मेहुणा, कोणी केवळ शेजारच्या वाड्यावरचा. नळ सामाईक, शौचकूप सामाईक, आणि पहाटेची रांगही सामाईक. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली, तिच्यामागेही परक्या शहरात आपल्या माणसांना एकत्र आणण्याची हीच निकड होती. पुढे तिने नाट्यक्षेत्रात जे नाव मिळविले त्यामुळे तिचा हा मूळ हेतू आपण विसरतो इतकेच.

४

मुंबईच्या या दाटीस एका भीषण घटनेने जगापुढे आणले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील एका रोग्याची प्रकृती पाहून ही ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ होय असे निदान ज्या वैद्याने प्रथम निर्भयपणे केले, ते डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस मूळचे बार्देशातील हडफड्याचे. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहाजवळ, म्हणजे कुडींच्या वस्तीतच, उभा आहे. प्लेगने हजारो माणसे नेली, तेव्हा कोठे सरकारला हवा-उजेड नसलेल्या खोल्यांचे स्मरण झाले आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते रुंद केले, जुन्या वस्त्या पाडल्या, आणि पाडल्या त्या मानाने थोड्या, पण काही चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे एकंदर २०७ चाळी उभारल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. ‘बीडीडी चाळ’ हे नाव मराठी माणसाच्या बोलण्यात तेव्हापासून रुळले.

खोलीनंतर दुसरा प्रश्न अन्नाचा. एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारास जेवू घालण्याचे काम गिरणगावातील शेकडो स्त्रियांनी आपल्या चुलीवर केले. या ‘खाणावळवाल्या’ बायकांचे नाव कोणत्याही गॅझेटात नाही. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढणाऱ्या प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या, आणि गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या. परक्या शहरात पहिली भाकरी कोणाच्या हातची खाल्ली, हे ज्यास आठवते त्यास या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको.

मध्यमवर्गाने तिसरा मार्ग काढला. १९१२ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याचा आधार घेऊन श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने चित्रापूर सारस्वतांनी १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली. मुंबईतीलच नव्हे, तर देशातील सहकारी गृहनिर्माणाचा हा आद्य प्रयत्न मानला जातो. कारवार-मंगळूरकडून आलेल्या कारकुनास घरमालकाच्या मर्जीवर न राहता स्वतःच्या संस्थेचा भाडेकरू होता येते, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढून दिले, आणि पुढे एकामागून एक निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्या नगरीत उभी राहिली, त्यांतही हेच तत्त्व होते. ज्याला शहरात कोणी नाही, त्याचे ‘कोणी’ त्याचा समाज व्हावा.

हा सगळा इतिहास अभिमानास्पद आहे. परंतु येथेच थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल. ‘तुमी खंयचे? कोणाले?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी होते त्याच्यासाठी दार उघडले. ज्याचे खरे उत्तरच दार बंद करणारे होते, त्याचे काय झाले?

५

त्याचे उत्तर बडोद्याने १९१७ साली पाहिले.

सयाजीराव गायकवाडांचे ते राज्य. १९०६ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्व राज्यभर लागू करणारे, ग्रंथालयांचे जाळे विणणारे, गुणी माणसास विद्यावेतन देऊन परदेशी धाडणारे ते संस्थान होते. त्याच विद्यावेतनावर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व पुढे लंडनला अध्ययन करू लागले. विद्यावेतनाची मुदत संपल्याने तो अभ्यास अपुरा टाकून ते १९१७ साली परतले. ज्या जहाजाने त्यांचे ग्रंथ येत होते ते महायुद्धाच्या धामधुमीत समुद्रात बुडाले. दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. त्यानुसार सप्टेंबरात ते बडोद्यास रुजू होण्यास गेले. १९१३ च्या आरंभी ते काही दिवस तेथील नोकरीत होते, परंतु वडिलांच्या आजारामुळे ती नोकरी तेवढ्यावरच राहिली होती. तेव्हा उच्चविद्याविभूषित होऊन पत्करलेली त्यांची ही पहिलीच नोकरी म्हणावयास हरकत नाही. नेमणूक महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून झाली.

पुढील हकीकत त्यांनी स्वतः १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आहे. हिंदूंची उपाहारगृहे व खाणावळी गावात होत्या. तेथे जात लपविल्याशिवाय प्रवेश नव्हता, आणि लपविलेली जात उघडकीस आली तर काय होईल हे सांगावयास नको होते. परदेशी शिकून आलेले परिचित गृहस्थ गावात होते. परंतु त्यांच्या दारी जाऊन त्यांस संकटात टाकावे काय, याची शंका. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात ते गेले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, ही त्यांची समजूत. तेथील रखवालदाराने विचारले, आपण पारशी आहात काय? नाही म्हणताच तो म्हणाला, मग येथे राहता येणार नाही. तथापि आश्रमात अन्य पाहुणा कोणी नव्हता, रखवालदारालाही चार पैसे हवे होते. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि दिवसाला दीड रुपया द्यावा, असे ठरले.

वरच्या मजल्यावर एक लहानशी झोपावयाची खोली, एक स्नानगृह, आणि बाकी सगळा मोडक्या सामानाने भरलेला मोठा दिवाणखाना. विजेचे दिवे नाहीत. रात्री रखवालदार एक कंदील आणून देई, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नसे. वटवाघळे फडफडत. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला तो तरुण त्या अंधारात एकटा बसून वाचीत राही, आणि त्या एकांताची धास्ती म्हणून कचेरी सुटल्यावर जितका उशीर करता येईल तितका करून परते. संस्थानच्या मालकीचा एखादा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी, जेवण उरकून, ग्रंथालयाची पुस्तके परत करावयास हाती घेऊन ते निघणार, तोच दहा-बारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिना चढून वर आले. खोटे नाव घेऊन आश्रम बाटविला, असा त्यांचा आरोप. संध्याकाळपर्यंत जागा सोडली नाही तर परिणाम वाईट होतील, अशी ताकीद देऊन ते गेले. मग दिवसभर निवाऱ्याचा शोध. एक हिंदू मित्र मनाने कळवळला. परंतु म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेला. त्याने पत्नीचा विचार घेऊन सांगतो म्हटले, आणि त्या उत्तराचा अर्थ आंबेडकरांस मागाहून कळला. अखेर कामाठी बागेत जाऊन, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, ते पाच तास बसून राहिले. रात्री आठला पथिकाश्रमातून सामान काढले. रखवालदार बाहेर आला. दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. त्याचे बिल चुकते करून ते नऊच्या गाडीने मुंबईस परतले.

या प्रसंगातील एक गोष्ट वकिलाच्या नजरेतून सुटू नये. येथे कोणत्याही पात्रास खलपुरुष म्हणता येत नाही. महाराज उदार होते, हिंदू मित्र प्रामाणिकपणे दुःखी झाला होता, रखवालदारास लाज वाटत होती. प्रत्येकाचे मन थोडेफार उघडे होते. दार मात्र एकाचेही उघडले नाही. अन्याय टिकून राहण्यास दुष्ट माणसे लागतातच असे नाही, नोकर निघून जातील या भीतीने गप्प बसणारी सज्जन माणसे पुरेशी होतात. आणि हिंदू समाजाने ज्यास दूर ठेवले त्यास अन्य धर्मीयांनीही दूर ठेवले, हा दोष त्या अन्य धर्मीयांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. तो रोग त्यांच्या घरी आमच्याच घरून गेला.

मुंबईस त्यांचे बिऱ्हाड होते ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन लहान खोल्यांत. एका गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले, त्या साथीतून ट्रस्ट जन्मास आला, आणि त्याच ट्रस्टच्या चाळीत पुढे भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होणारा पुरुष वीसहून अधिक वर्षे राहिला, हा इतिहासातील योगायोग मननीय आहे. पुढे दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. आणि १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली, तेव्हा तिने जी कामे आरंभी हाती घेतली त्यांत १९२५ साली सोलापुरास काढलेले विद्यार्थी वसतिगृह होते. बडोद्याच्या त्या अकरा दिवसांस हे त्यांचे उत्तर होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

६

आता कायद्याने या बाबतीत काय केले ते पाहू.

कायद्याची दृष्टी प्रथम भाड्याकडे वळली. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली तेव्हा १९१८ साली पहिला नियंत्रण कायदा झाला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण धरले आणि ते जवळजवळ गोठविले. गोव्यात १९६८ साली भाडे व निष्कासन नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. आत असलेल्या भाडेकरूस या कायद्यांनी अभय दिले, हे खरे; गिरगावातील कित्येक कुटुंबे त्याच अभयावर तरली. परंतु बाहेर उभ्या असलेल्या नवागतास त्याची झळ लागली. भाडे वाढत नाही आणि भाडेकरू निघत नाही असे दिसताच मालक जागा देईनासे झाले, आणि ‘पागडी’ या नावाची रक्कम पावतीविना हातोहात जाऊ लागली. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरविली होती. तरी ती थांबली नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांस कायद्याने भाडेकरू मानले, तेव्हा मालकांची धास्ती अधिकच वाढली. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात, गोठविलेले भाडे आता न्याय्य राहिले नाही असा अभिप्राय दिला. आणि महाराष्ट्राचा नवा कायदा १९९९ साली होऊन ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने पागडी व्यवहारास मान्यता दिली, आणि जागा देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची, असे ठरविले. मुलगा मुंबईस वा पुण्यास नोकरीस निघाला असेल तर त्याच्या वडिलांनी हे कलम ५५ ध्यानी ठेवावे. करार नोंदविलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा कागद’ ही रूढी पडली ती वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदविणे १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीचे केले म्हणून; महाराष्ट्रात त्या पळवाटेला आता अर्थ उरलेला नाही.

दुसरी बाजू दाराची. घटनेने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली आणि भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क नागरिकास दिला. १९६१ च्या मुक्तीनंतर हा हक्क गोमंतकीयासही लाभला. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळेत मज्जाव करणे, अथवा कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास अडथळा आणणे हा दंडनीय अपराध ठरविला. तथापि २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सहकारी संस्थेने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम बेकायदा नव्हे, असा निर्णय दिला. संघटना करण्याचा हक्क हाही मूलभूत हक्कच आहे, हा त्यामागील विचार. सारस्वतांची, पारशांची, इतर अनेकांची गृहसंस्था कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरली.

म्हणजे कायद्याने दोन टोके निश्चित केली. अस्पृश्यतेच्या नावाने नकार हा गुन्हा; आपल्या लोकांपुरती सोय हा हक्क. या दोहोंच्या मध्ये जे विस्तीर्ण मैदान आहे तेथे कायदा क्वचितच पोहोचतो. आजही पुण्यात, बेंगळूरात, हैदराबादेत खोली शोधणाऱ्या तरुणास आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो, एकट्या मुलीस तर आणखी दहा गोष्टी विचारल्या जातात; आणि नकार देताना कारण कोणी सांगत नाही. ‘जागा कालच गेली’ असे म्हटले की पुरावा कसला द्यावयाचा? न्यायालयात सिद्ध न होणारा हा नकार बडोद्याच्या नकाराचा दूरचा का होईना, पण आप्तच आहे.

७

जेथे कायदा पोहोचत नाही तेथे धर्म पोहोचावा, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून हा विषय देवस्थानांच्या वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस केले आहे.

आमच्या देवळांपाशी जागा आहे. अग्रशाळांची आता भक्तनिवासांत रूपांतरे झाली. जत्रेचे दिवस सोडले तर वर्षातील कित्येक महिने त्यांतील खोल्या कुलूपबंद असतात. मोठ्या शहरांत मठांच्या वास्तू आहेत, समाजांची सभागृहे आहेत, लग्नसराईपुरती गजबजणारी कार्यालये आहेत. यांतील दोन-चार खोल्या पहिल्या नोकरीस आलेल्या तरुणांसाठी, पहिल्या तीस दिवसांपुरत्या राखून ठेवता येणार नाहीत काय? महिन्याभरात माणूस शहर ओळखू लागतो, सहकारी मिळतात, पहिला पगार हाती येतो; मग तो आपली वाट आपण काढतो. कुडींचा तो अनुभव आहे. भाडे अल्प असावे, पण असावे. फुकटाच्या सोयीत मिंधेपणा येतो. नियम कडक असावेत. वेळेचे, स्वच्छतेचे, सात्त्विक आहाराचे बंधन देवस्थानच्या आवारात कोणीही मान्य करील. आणि कागद दोनच मागावेत, एक नोकरीचे आज्ञापत्र आणि दुसरा ओळखीचा सरकारी पुरावा. त्या पुराव्यावरील आडनाव पोलीस नोंदीपुरते वाचावे, दार उघडण्यापुरते वाचू नये.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. महाजनांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या वास्तूंवर पहिला हक्क महाजनांचा नव्हे काय? देणगीपत्रात तसे लिहिले असेल तर विश्वस्तांस ते मोडता येणार नाही. विश्वस्तनिधीचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी असे काही लिहिलेले नसते, केवळ वहिवाट असते. आणि वहिवाट बदलण्यास विश्वस्तांचा एक ठराव पुरतो. शिवाय ज्या खोल्या रिकाम्याच राहतात त्यांवरचा महाजनांचा हक्क नवागतास दिल्याने बुडत नाही. अंत्रुज महालातील ज्या गावांनी कुशस्थळीच्या, केळशीच्या, वेर्ण्याच्या देवांस जागा दिली, त्या गावांच्या आधी आपल्या ग्रामदेवता होत्याच. नवीन देव आल्याने जुन्या देवांचा मान उणा झाला नाही.

‘तुमी खंयचे? कोणाले?’ हे प्रश्न विचारणे बंद करावे असे मी म्हणत नाही. त्या प्रश्नांत आपुलकी आहे, आणि परमुलखात ते कानी पडले की आजही मन भरून येते. फक्त ते प्रश्न पाहुण्यास आत घेऊन, पाण्याचा तांब्या पुढे करून, मग विचारावेत. उत्तर काहीही आले तरी वळकटी उचलून त्यास पुन्हा बागेत जाऊन बसण्याची पाळी येऊ नये, एवढी व्यवस्था प्रत्येक देवस्थानाने आपल्या पुढील वार्षिक सभेत ठरावाने करावी, ही विनंती.